मदत हवी आहे: "मी करार केलेला नाही, म्हणून कौन्सिल टॅक्स लागू नाही" म्हणणाऱ्या नवऱ्याला कसं समजावू?

सायंतारा

नमस्कार मंडळी. आयडी नवा आहे, कारण जुना आयडी नवऱ्याला माहीत आहे.

आम्ही इंग्लंडमध्ये राहतो, भाड्याच्या घरात. दोघंही नोकरी करतो. पैशांची अडचण नाही, हे आधीच सांगते, म्हणजे उत्तरं त्या वाटेने जाणार नाहीत. तरीही एप्रिलपासून कौन्सिल टॅक्सचा (म्हणजे इथल्या नगरपालिकेची, कौन्सिलची, घरपट्टी) एकही हप्ता भरलेला नाही. मेमध्ये रिमाइंडर आलं, जूनमध्ये अख्ख्या वर्षाची रक्कम एकदम मागणारं पत्र आलं आणि परवा मॅजिस्ट्रेट कोर्टाचं समन्स. त्यावर माझंही नाव आहे. तारीख तीन आठवड्यांनंतरची.

मला वाटत होतं डायरेक्ट डेबिट चालू आहे. विचारलं तर याने लॅपटॉप उघडून एका टेलिग्राम ग्रुपवरून चाळीस पौंडांना विकत घेतलेला 'नोटिसांचा संच' दाखवला. पैकी पहिली नोटीस कौन्सिलला गेलीसुद्धा आहे. तीन पानं. स्वतःचं नाव मध्ये विसर्ग दिल्यासारखे टिंब घालून लिहिलंय, खाली सहीऐवजी लाल शाईचा अंगठा. एम.टेक. झालेला माणूस, आणि अंगठाछाप! तेव्हा हसू आवरलं नाही, तिथेच भांडण झालं.

त्याचं म्हणणं थोडक्यात असं. कौन्सिलशी आपला करार नाही, म्हणून देणं नाही. बिलावरचं कॅपिटल अक्षरांतलं नाव ही एक कागदी व्यक्ती, आणि हा स्वतः 'जिवंत माणूस'. कौन्सिल ही खरं तर कंपनी आहे, कारण तिचं नाव व्यापारी डिरेक्टरीत सापडतं. १८८२च्या कायद्याप्रमाणे बिलावर शाईची सही हवी. शिवाय मॅग्ना कार्टाचं (राजाने सरदारांना दिलेली जुनी इंग्लिश सनद) कलम ६१ बंडाचा हक्क देतं. आणि कौन्सिलने नोटिशीला उत्तर दिलं नाही, म्हणजे मौन हीच संमती.

यात काही तथ्य आहे का? मीही अडकते का? आणि त्याला कसं समजावू? "तू कायदा वाचलायस का?" या प्रश्नापुढे माझी गाडी सरकत नाही.

जुना_कारकून

मी इथल्या एका कौन्सिलच्या वसुली खात्यात बरीच वर्षं काढली. असली पत्रं आमच्याकडे नियमित यायची. अंगठेसुद्धा.

कराराचा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीची इमारत त्यावर उभी आहे. कौन्सिल टॅक्स करारातून येतच नाही. तो १९९२च्या लोकल गव्हर्नमेंट फायनान्स अॅक्टमधून येतो आणि १ एप्रिल १९९३पासून लागू आहे. घरात कोण राहतं, कोणत्या नात्याने राहतं, यावरून कलम ६ देणेकरी ठरवतं. तिथे तुमची संमती कुणी विचारत नाही. गाडी चालवताना वेगमर्यादेवर आपण कुठे सही केलेली असते?

१८८२चा कायदा बिल्स ऑफ एक्स्चेंजचा, म्हणजे हुंडीचा. इंग्रजीत दोन्हींना 'बिल' म्हणतात म्हणून हा घोळ. आपल्याकडे घरपट्टीला कुणी हुंडी म्हणत नाही, त्यामुळे मराठीत हा मुद्दा सांगायला गेलं की जागीच कोसळतो. करून बघा.

मॅग्ना कार्टाचं कलम ६१ मूळ १२१५च्या सनदेत होतं. त्याच वर्षी पोपने ती सनद रद्द ठरवली, आणि १२१६ला ती पुन्हा काढली तेव्हा हे कलम गाळलं. ते परत कधी आलं नाही. तसंही ते पंचवीस सरदारांसाठी होतं, भाडेकरूंसाठी नव्हे. डिरेक्टरीचं म्हणाल तर तिथे कोणाचंही नाव असतं, त्याने कोणी कंपनी होत नाही. मौनाचं तर सोडूनच द्या, आम्ही ती पत्रं एका फाइलला लावायचो आणि वसुली पुढे चालू.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा कडू आहे. एकत्र राहणारे नवरा-बायको दोघंही पूर्ण रकमेला जबाबदार असतात, कलम ९. त्यामुळे समन्सवर तुमचं नाव चुकून आलेलं नाही. यातच सुटकाही आहे: तुम्ही एकटीने भरलंत तरी देणं फिटतं. थकबाकी आणि समन्सचा खर्च सुनावणीआधी भरला तर प्रकरण तिथेच थांबतं.

नाही भरलं तर मॅजिस्ट्रेट दोनच गोष्टी बघतात: रक्कम देय झाली का, आणि भरली का. मग लायबिलिटी ऑर्डर (देणं मान्य करून वसुलीची परवानगी देणारा आदेश) देणं त्यांना भागच आहे. ऑर्डर मिळाली की पगारातून कपात किंवा बेलिफ (जप्तीला घरी येणारा वसुली अधिकारी), आणि बेलिफचं शुल्क वर चढतं. इंग्लंडमध्ये अगदी शेवटच्या टोकाला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते (वेल्सने ते २०१९ला काढून टाकलं). ती क्वचितच होते, कारण आधी 'पैसे असून मुद्दाम भरलं नाही' किंवा अक्षम्य हलगर्जी केली, हे ठरावं लागतं. पण यजमानांनी तेच तीन पानांत लिहून, वर अंगठा करून दिलंय.

पाऊलखुणा

देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत. म्हणजे आपल्या भाषेत कागदी माणूस जन्मालाच येत नाही. 😄

गंमत सोडा. कॅनडातल्या अल्बर्टाच्या कोर्टाने २०१२मध्ये 'मीड्स विरुद्ध मीड्स' या निकालात या सगळ्या युक्तिवादांची एकत्र चिरफाड केली आहे. मूळ प्रकरण साधं घटस्फोटाचं होतं. बरंच लांबलचक आहे, पण इंजिनिअर नवऱ्याला आवडेल. नोटिसा विकणाऱ्या 'गुरूं'बद्दलही त्यात आहे: हे स्वतः पैसे कमावतात आणि कोर्टात उभं गिऱ्हाईक राहतं.

आणि तो सत्याग्रहाचा दाखला देत असेल (असे लोक देतातच) तर बार्डोली १९२८ आठवून द्या. तिथल्या शेतकऱ्यांनी सारा भरला नाही, गुरं-जमिनी जप्त होऊ दिल्या. "आम्ही शेतकरी नव्हेच" असं कुणी म्हटलं नाही. इथेही १९९०च्या पोल टॅक्सला (डोईपट्टीला) लोकांनी उघड नकार दिला, खटले अंगावर घेतले, आणि तो कर गेला.

सायंतारा

सत्याग्रहाचं त्याने खरंच म्हटलं होतं! तुम्हाला कसं कळलं?

कारकूनसाहेब, हुंडीचा मुद्दा सांगून बघितला. पाच सेकंद गप्प होता. मग म्हणाला, "ठीक आहे, पण त्यांनी माझे पैसे खाल्ले त्याचं काय?"

हे मला नवीन होतं. खोदून विचारलं तर कळलं. मागच्या सप्टेंबरात आम्ही इथे आलो. भाडेकरार २२ सप्टेंबरपासून, बिल मात्र १ सप्टेंबरपासून. याने तेव्हा निमूट भरलं आणि एकवीस दिवसांचे पैसे परत मागितले. तीन ईमेल. तिन्हींना स्वयंचलित उत्तर. त्याच आठवड्यांत तो त्या ग्रुपमध्ये शिरला. तिथे त्याला पहिल्यांदा कुणीतरी माणसाने उत्तर दिलं होतं.

जुना_कारकून

आता खरी तक्रार सापडली. ही रास्त आहे. हा कर दिवसागणिक मोजतात, ते एकवीस दिवस तुमचे नाहीत.

पण हे समन्सच्या दिवशी सांगून उपयोग नाही. देणं कोणाचं, किती दिवसांचं, हा वाद मॅजिस्ट्रेटसमोर चालतच नाही. त्याची जागा व्हॅल्युएशन ट्रिब्युनल, म्हणजे कौन्सिल टॅक्सच्या तक्रारी ऐकणारा लवाद. आधी कौन्सिलला लेखी कळवायचं: "कलम १६खाली हरकत", अमुक तारीख चूक, सोबत भाडेकराराचं पहिलं पान. दोन महिन्यांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर ट्रिब्युनलकडे अपील. तिथे अपिलाला फी नाही. यंदाचं बिल मात्र तोवर भरत राहा.

अर्ध्या पानाचं पत्र पुरे. जितकं लांब पत्र, तितकं ते उशिरा वाचलं जातं, हे आतून सांगतो.

मधला_डबा

थोडं अवांतर, पण हा धागा पुढे कुणीतरी वाचेलच. खरोखर पैशांची ओढाताण असेल तर हप्ते दहाऐवजी बारा करून मागा. एकटे राहत असाल तर २५ टक्के सूट आहे. पण व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' (सरकारी मदत घेता येणार नाही, ही अट) असेल तर कौन्सिल टॅक्स रिडक्शनला (कमी उत्पन्नवाल्यांच्या सवलतीला) हात लावू नका, ते पब्लिक फंडात धरतात. एकट्याची सूट धरत नाहीत. या दोन्हींत माझ्या मित्राची गल्लत होता होता राहिली.

सायंतारा

सगळ्यांचे मनापासून आभार. थकबाकी आणि समन्सचा खर्च काल माझ्या खात्यातून भरला, पोचपावती आली. तो "मी तत्त्व सोडलेलं नाही" म्हणतोय, म्हणू दे. ग्रुप अजून सोडलेला नाही, पण म्यूट केलाय.

कलम १६चं पत्र आज त्यानेच लिहिलं. नऊ ओळी. नाव सरळ, मध्ये टिंबं नाहीत. सही निळ्या बॉलपेनने.