बिल वेळेवर भरूनही स्कोअर घसरतो तेव्हा
क्रेडिट कार्डाचं पूर्ण बिल मुदतीत भरूनही क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या सवयींवरून मिळणारे गुण) का उतरला, याचं उत्तर बहुधा तारखांमध्ये सापडतं. कार्ड देणारी बँक ठरावीक दिवशीची, अनेकदा स्टेटमेंटच्या दिवशीची, बाकी क्रेडिट ब्युरोला (हा स्कोअर काढणाऱ्या संस्थेला) कळवते. १ लाखाच्या मर्यादेतले ८० हजार त्या दिवशी बाकी असतील, तर मर्यादेचा वापर ८० टक्के दिसतो आणि स्कोअर उतरू शकतो. नंतर तुम्ही एक पैसाही थकवला नाहीत तरी. म्हणून स्टेटमेंट निघण्याच्या ३-४ दिवस आधीच बरीचशी रक्कम भरा, वापर ३० टक्क्यांच्या आत दिसू द्या. आणि कर्जाला किंवा कार्डाला एकीकडे नकार आला म्हणून लगेच दुसरीकडे अर्ज ठोकू नका (सर्रास होणारी चूक!). प्रत्येक अर्जाची चौकशी ब्युरोच्या अहवालात नोंदली जाते आणि अशा चौकशा वाढल्या की स्कोअर घटू शकतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने मात्र स्कोअर घटत नाही. कर्जाचा इतिहासच नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं कार्ड आधी घ्या.