विषय: मॉनिटर की हेडफोन? (समूहगानाचं मिक्स, पुन्हा)

प्रेषक: बापू

मंडळी,

आपल्या समूहगानाचं मिक्स (सगळ्या आवाजांचा जुळवलेला मेळ) पुन्हा परत आलंय. माईंचं म्हणणं, त्यांचा आवाज मागे गेलाय. तबलेवाले म्हणतात डग्गा गाडीत नुसता घुमतो आणि फोनवर लावला की गायब. माझ्या टेबलावर दोन्ही बरोबर वाटतं, हीच अडचण आहे.

खजिनदारांनी एक वस्तू मंजूर केली आहे. एकच. मॉनिटरची (मिक्स तपासायच्या स्पीकरांची) जोडी नाहीतर हेडफोन. मी यामाहा एचएस५ हे मॉनिटर जवळजवळ नक्की केले होते, पण माझी खोली तुम्ही पाहिली आहे: दहा बाय दहा फूट, टेबल भिंतीला टेकलेलं, कपाटामुळे ते हलत नाही. पलीकडे पिल्लू झोपतं, म्हणजे नऊनंतर मोठा आवाज नाही. आणि मला वेळ मिळतो तो नऊनंतरच. सध्या नानांनी दिलेले मोठे स्पीकर वापरतोय.

उद्यापर्यंत सांगा. कृपया "दोन्ही घे" असं कोणी लिहू नका.

बापू

---

प्रेषक: नाना

मॉनिटर. प्रश्नच नाही.

हेडफोनवर मिक्स करणं म्हणजे आरशात बघून दुसऱ्याची दाढी करणं. स्टुडिओत गेलेल्या माणसाला विचार. यामाहाचा एनएस-१० हा पांढऱ्या कोनचा स्पीकर १९७८ साली घरी गाणी ऐकण्यासाठी म्हणून निघाला. घरात कोणाला फारसा आवडला नाही, पण स्टुडिओवाल्यांनी उचलला आणि २००१ मध्ये उत्पादन बंद होईपर्यंत मिक्सिंग कन्सोलवर तोच दिसायचा. का? गोड वाजत नव्हता म्हणून. मधली पट्टी अंगावर यायची, खर्ज लवकर संपायचा. त्याच्यावर जमलं की बाकी सगळीकडे जमायचं.

आणि माझ्या स्पीकरांत दोष नाही. मंडळाचं ध्वनीचं काम मी पाहत होतो तेव्हा त्यांच्यावरच सगळं झालं आणि कोणाची तक्रार नव्हती.

नाना

---

प्रेषक: माई

तक्रार होती, नाना. केली नव्हती इतकंच.

---

प्रेषक: अण्णा

बापू, स्पीकर विकत घेण्याआधी खुर्ची कुठे आहे ते बघ.

दहा फूट म्हणजे ३.०५ मीटर. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये पहिली घुमणारी कंप्रता म्हणजे ३४३ भागिले ६.१, साधारण ५६ हर्ट्‌झ. खोली चौकोनी असल्यामुळे लांबीची ५६ आणि रुंदीचीही ५६, दोन्ही एकावर एक. त्यात तू बसतोस जवळपास खोलीच्या मधोमध, आणि ही लाट नेमकी मध्यावरच शून्य असते. म्हणजे भिंतीशी उभा राहणाऱ्याला तो खर्ज दणदणीत, तुला ऐकूच नाही. मग तू तो वाढवतोस आणि गाडीत तो बाहेर येतो. खुर्ची पुढे घे. समोरच्या भिंतीपासून लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर डोकं आलं की सुरुवातीला ठीक असतं. तुझ्या खोलीत ते पावणेचार-चार फूट. हा नियम नाही, सुरुवात आहे.

दुसरं म्हणजे रात्रीचा आवाज. हळू आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलंय. नऊनंतर कुजबुजत्या आवाजात मिक्स केलंस की हात आपोआप खर्जाकडे जाणार. कुठलाही स्पीकर घेतलास तरी हे चुकत नाही. म्हणून माझं मत हेडफोन.

अण्णा

---

प्रेषक: नाना

अण्णा, आकडे सगळे बरोबर असतील, पण मुद्दा टेबल भिंतीला टेकलेलं आहे हा होता. एचएस५ ला मागे पोर्ट (खर्जाची हवा सोडणारं भोक) आहे. तो भिंतीला लावला की खर्ज फुगणारच. पुढे पोर्ट असलेले घ्या, विषय संपला.

---

प्रेषक: अण्णा

नाही संपला. पोर्टला श्वास घ्यायला चार बोटं जागा मिळाली की बस. खर्ज फुगतो तो भिंतीमुळे, आणि पुढे पोर्ट असला तरी तितकाच फुगतो, कारण खालचे स्वर स्पीकरमधून फक्त पुढे जात नाहीत, ते चारी बाजूंना पसरतात. मागे गेलेला आवाज भिंतीवरून परत येतो आणि एका ठराविक कंप्रतेला समोरच्या आवाजाला खाऊन टाकतो. अंतराच्या चौपट लांबीची लाट असते ती. स्पीकरचं तोंड भिंतीपासून ६० सेंटिमीटरवर असेल तर खड्डा १४३ हर्ट्‌झला. म्हणजे डग्ग्याचा वरचा भाग आणि पुरुषांच्या खालच्या पट्टीच्या ऐन मध्यात. ३० सेंटिमीटरवर आणलास तर २८६ ला. तिथे आवाज शोषणारं जाड पॅनेल थोडंतरी काम करतं, १४३ ला फारसं नाही.

म्हणजे भिंतीला जवळ ठेवणं हे अर्धवट लांब ठेवण्यापेक्षा बरं. वाढलेल्या खर्जासाठी एचएस५ च्या पाठीवर रूम कंट्रोलची कळ दिलेली आहे, उणे दोन आणि उणे चार डेसिबलची.

---

प्रेषक: नाना

कळ दाबून खोली बदलत नाही.

---

प्रेषक: अण्णा

तेच तर म्हणतोय!

---

प्रेषक: छोटू

सगळ्यांना नमस्कार 🙏

मी गेलं वर्षभर हेडफोनवरच मिक्स करतोय. बापूदादा, घेणार असलास तर ओपन-बॅक घे. मागून जाळी असते, आवाज कोंडत नाही आणि खर्ज फुगवून दाखवत नाही. सेनहायझर एचडी ६०० बघ. १९९७ पासूनचं मॉडेल आहे, सगळे सुटे भाग मिळतात, कानाच्या गाद्यासुद्धा. फक्त ३०० ओहमचा आहे, लॅपटॉपच्या भोकात लावून आवाज कमी पडला म्हणून रडू नकोस, इंटरफेसचं (लॅपटॉपला जोडतो त्या ध्वनीच्या डब्याचं) हेडफोन आउटपुट ताकदीचं हवं. अगदी खालचा खर्ज त्यात थोडा सौम्य आहे, ते डोक्यात ठेवायचं.

बायरडायनॅमिकचा डीटी ९९० प्रो बराच लोकप्रिय आहे, तोही ओपन, पण वरचे स्वर फार उजळ. त्यावर मिक्स करताना माणूस 'स' आणि 'श' जास्तच कापतो.

---

प्रेषक: माई

हं! आता कळलं. मागच्या खेपेला ज्यांनी मिक्स केलं (नाव घेत नाही, लिस्टवर आहेत) त्यांच्याकडे असलाच झणझणीत हेडफोन होता. माझे सगळे 'श' गिळले गेले. शब्द स्पष्ट म्हणता येत नाहीत का, असं मलाच विचारलं लोकांनी. कोरसला लपता येतं, एकट्या आवाजाला येत नाही. हेडफोन कुठला घ्यायचा ते घ्या, पण ज्या गाण्यात बाईचा आवाज उत्तम लागलाय असं तुम्हाला वाटतं ते एखादं गाणं शेजारी लावून आधी ऐका आणि मग माझ्याकडे वळा.

---

प्रेषक: छोटू

माई, याला रेफरन्स ट्रॅक म्हणतात, एकदम बरोबर. फक्त दोन्हींचा आवाज कानाला सारखा करून घ्यायचा. छापलेलं गाणं मास्टर झालेलं (शेवटचा हात फिरवून मोठं केलेलं) असतं, म्हणून मोठं वाजतं आणि मोठं ते नेहमी चांगलं वाटतं.

---

प्रेषक: खजिनदार

एकच वस्तू, हे मी पुन्हा लिहितो. तेव्हा अशी वस्तू घ्यावी जी रेकॉर्डिंगलाही चालेल. गायकांच्या कानाला लावायला मंडळाकडे काही नाही. आणि माझ्याकडे आवाज बंद करणारे ब्लूटूथवाले चांगले हेडफोन आहेत, ते काही दिवस देऊ शकतो. मग खरेदी कशाला?

---

प्रेषक: छोटू

काका, ब्लूटूथ नको. आवाज दाबून पाठवला जातो, शिवाय उशीर होतो. फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) हलवला की बदल मागाहून कानावर येतो. आणि तुमचे हेडफोन बाहेरचा गोंगाट खोडायला स्वतःच आवाजावर प्रक्रिया करत असतात. वर कंपनीने खर्ज आधीच चढवलेला. त्यांच्यावर ऐकून शेवटी तपासायला हरकत नाही, लोक त्यांच्यावरच ऐकणार आहेत.

रेकॉर्डिंगचं मात्र तुमचं बरोबर. ओपन-बॅक गायकाला लावला तर क्लिक (तालाची टिकटिक) आणि साथ बाहेर झिरपते आणि माइक ती उचलतो. त्याला क्लोज्ड, म्हणजे मागून बंद असलेला लागतो. सोनी एमडीआर-७५०६ घ्या, १९९१ पासून चालू आहे, ६३ ओहम, कशावरही वाजतो. त्यावर मिक्सही लोक करतात, पण वरचा भाग टोकदार आहे आणि माईंचा 'श' परत धोक्यात येईल.

---

प्रेषक: खजिनदार

म्हणजे दोन वस्तू झाल्या.

---

प्रेषक: तबलेवाले

डग्ग्याबद्दल कोणी काही बोलेल का?

फोनवर गायब होतो, हे गाडीत घुमण्याइतकंच महत्त्वाचं आहे. निम्मे लोक फोनवर ऐकणार.

---

प्रेषक: अण्णा

फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून १०० हर्ट्‌झ निघतच नाही. खर्ज वाढवून उपयोग नाही, गाडीत दुप्पट घुमेल. डग्ग्याचे वरचे उपस्वर वर काढा. पायाचा स्वर नसला तरी उपस्वरांवरून कान तो स्वतः भरून घेतो. अगदी हलकं सॅच्युरेशन (मुद्दाम किंचित विकृती, तिने उपस्वर वाढतात), किंवा २००-४०० च्या आसपास थोडी उचल आणि ६० च्या खाली कात्री. आपल्या तालवाद्यांना शाईमुळे (पुडीवरच्या काळ्या ठिपक्यामुळे) सुरेल उपस्वर मिळतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच लिहून ठेवलंय.

---

प्रेषक: तबलेवाले

ते दायाँबद्दल, म्हणजे उजव्या हाताच्या तबल्याबद्दल, अण्णा. दायाँची शाई मधोमध असते. डग्ग्याची बाजूला सरकलेली असते, तिथे इतकं नीटनेटकं उपस्वरांचं गणित बसत नाही. शिवाय घिस्सा, म्हणजे मनगट दाबून मींड काढली की स्वर सरकतो, मग तुमची ६० ची कात्री कधी लागणार आणि कधी नाही, ते घिस्स्यावर ठरणार. एकाच ठिकाणी कापून ठेवू नका. उपस्वर वर काढायचं मान्य.

---

प्रेषक: ताई (लिस्टची व्यवस्था)

बापू, तुझ्या वेव्ह फाइल लिस्टवर जोडू नकोस. सगळ्यांच्या पेट्या भरल्या आहेत. दुवा दे. आणि तबल्याची चर्चा वेगळ्या विषयाखाली घ्या.

---

प्रेषक: नाना

मूळ मुद्दा सगळे विसरले. हेडफोनमध्ये डावा आवाज डाव्या कानातच जातो. स्पीकरवर दोन्ही कानांना दोन्ही ऐकू येतात, खोलीत जग तसंच ऐकू येतं. हेडफोनवर कोरस डावी-उजवीकडे मस्त पसरवशील आणि स्पीकरवर सगळे मधे गोळा होतील. रिव्हर्बचंही (आवाजाला दिलेल्या घुमाऱ्याचंही) तेच, कानात इतका स्पष्ट ऐकू येतो की माणूस कमी ठेवतो, आणि मग बाहेर गाणं कोरडं वाजतं. माईंचा आवाज मागे गेला तो मध्यभागी काय चाललंय हे नीट न ऐकल्यामुळे. मध्य ऐकायचा तर स्पीकर.

---

प्रेषक: अण्णा

नाना, हे मात्र शंभर टक्के मान्य. म्हणून क्रॉसफीड नावाचं प्लगइन असतं, डाव्याचा थोडा आवाज किंचित उशिराने उजव्या कानात सोडतं. पूर्ण स्पीकरसारखं होत नाही, पण पसरवण्याची घाई कमी होते.

आणि मोनोत, म्हणजे डावं-उजवं एकत्र करून, ऐकायचंच. तानपुरा दोन्हीकडे पसरवलेला आहे ना? दोन चॅनल उलट्या फेजमध्ये (एकाची लाट वर तेव्हा दुसऱ्याची खाली) असतील तर मोनोत तो नाहीसा होईल, आणि हेडफोनवर त्याचा पत्ता लागणार नाही.

---

प्रेषक: बापू

सगळ्यांचं वाचलं. खुर्ची पुढे घेतली, खर्ज खरोखर बदलला. लिहून ठेवतो: अण्णा, तुम्ही गणितात जे सांगितलं ते कानाला कळतं.

ठरलं ते असं. ओपन-बॅक हेडफोन, एचडी ६०० किंवा त्याच घरातला एचडी ६५०, जो हातात घेऊन ऐकता येईल तो. रात्रीचं सगळं काम त्यावर. गायकांसाठी क्लोज्ड हेडफोनचा विषय पुढच्या बैठकीत, खजिनदारसाहेब, आता नाही. शनिवारी दुपारी पिल्लू बाहेर जातं तेव्हा स्पीकरवर तपासणी. तेव्हा नानांच्या जोडीतला एकच मधोमध ठेवून मोनोत ऐकीन, टेबलावर दोन ठेवायला जागाही राहत नाही. दुसरा कपाटावर.

अण्णा, शनिवारी मोजणीचा माइक आणाल का? त्याला लागणारा ४८ व्होल्ट फँटम वीजपुरवठा माझ्या इंटरफेसला आहे. खोलीचा आवाज मोजायचं रूम ईक्यू विझार्ड हे सॉफ्टवेअर उतरवून ठेवतो, ते फुकट आहे.

---

प्रेषक: खजिनदार

पावती मंडळाच्या नावाने. कानाच्या गाद्या झिजल्या तर त्या वापरणाऱ्याने बदलायच्या.

---

प्रेषक: नाना

जोडी फोडायची नाही. मोनोच ऐकायचं तर सॉफ्टवेअरमध्ये मोनोचं बटण आहे, दोन्ही लावून ऐक. कपाटावर ठेवायचा असेल तर दोन्ही परत आणून दे.

---

प्रेषक: अण्णा

दोन्ही स्पीकरवर मोनो लावलं तर मधला आवाज हवेत तयार होतो, डोकं जरा हललं की रंग बदलतो. एकाच स्पीकरवर तसं होत नाही. बापूचं बरोबर आहे.

बापू, माइक आणतो.

---

प्रेषक: तबलेवाले

घिस्स्याबद्दल वेगळा विषय काढलाय, ताई. तिकडे या सगळे.