जेरुसलेमला राहायला जातोय: मैफिली, प्रार्थना आणि पाहुणे

निशिगंध:
नमस्कार मंडळी. नवऱ्याला हिब्रू विद्यापीठात, गिवात रामच्या कॅम्पसवर पोस्टडॉक मिळालीय. माझी नोकरी सुटणार, त्यामुळे वेळच वेळ. मी शास्त्रीय गाणं शिकले आहे, पण पाश्चात्त्य संगीतातलं ओ की ठो कळत नाही. तिथे मैफिली कुठे होतात? दुसऱ्या धर्मांच्या प्रार्थनेला नुसतं जाऊन बसलेलं चालतं का? आणि हिवाळ्यात सासू-सासरे येणार आहेत. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि श्रद्धा दांडगी आहे. त्यांना काय दाखवू?

कोपऱ्यावरची:
अगं, अभिनंदन! आम्ही यांच्या नोकरीपायी तिथे राहिलो, परतून आता पुष्कळ काळ झाला, तरी शुक्रवारी दुपार कलली की माझे कान भोंग्याकडे लागतात. सूर्यास्ताच्या चाळीस मिनिटं आधी भोंगा होतो आणि शब्बात, म्हणजे ज्यूंचा साप्ताहिक विश्रांतीचा दिवस, लागतो. शनिवारी रात्रीपर्यंत ट्राम बंद, सरकारी बस बंद, पश्चिमेकडची दुकानं बंद. किराणा शुक्रवारी सकाळीच भरायचा. पहिले काही आठवडे चिडचिड होईल, मग हाच दिवस सगळ्यात आवडता होईल. शनिवारी पायी जुन्या शहरात जायचं. मुस्लिम आणि ख्रिस्ती मोहल्ले चालू असतात. तटबंदीच्या आतला सगळा पसारा जेमतेम एक चौरस किलोमीटरचा.

मैफिलींचं म्हणशील तर सभागृह आणि प्रार्थनास्थळ असं वेगळं काढूच नकोस. तालबियामधल्या जेरुसलेम थिएटरात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऐकशीलच. वायएमसीएच्या १९३३ सालच्या देखण्या इमारतीत चेंबर म्युझिकही (मोजक्या वादकांचं) होतं. पण मला खरी गोडी लागली ती चर्चमधल्या ऑर्गनमुळे. जुन्या शहरात लुथरन लोकांचं रिडीमर चर्च आहे, १८९८ मध्ये जर्मन कैसर स्वतः उद्घाटनाला आला होता. ऑलिव्ह डोंगरावर ऑगस्टा व्हिक्टोरिया चर्च आहे. ऑर्गनचा खर्ज लाकडी बाकातून पाठीच्या कण्यात चढतो. स्वरलिपी कळली नाही म्हणून काही अडत नाही, तुला तर षड्ज ओळखता येतो! स्कोपस डोंगराच्या उतारावर मॉर्मन या अमेरिकी ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं केंद्र आहे, तिथल्या रविवार संध्याकाळच्या मोफत मैफिली प्रसिद्ध आहेत. वादकांच्या मागे भलीमोठी काच आणि काचेपलीकडे अख्खं जुनं शहर. (धर्मप्रचार करणार नाही असं त्यांनी सरकारला लिहून दिलेलं आहे, तेव्हा घरच्यांनी घाबरू नये.) नोंदणी मात्र आधी करायची.

आणि सेंट अॅन चर्च चुकवू नकोस. लायन्स गेटजवळ, बाराव्या शतकातलं, क्रुसेडरांनी, म्हणजे युरोपातून आलेल्या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, बांधलेलं. आत घुमारा इतका की एक स्वर सोडला तर तो बराच वेळ विरत नाही. यात्रेकरूंचे जथे येऊन तिथे भजनं गातात, आपणही गायलेलं चालतं, फक्त भक्तिगीत हवं. मी तिथे अभंग म्हटला होता. ताना घेऊ नकोस, एकमेकींवर आदळतात. विलंबितच शोभतं.

उंटावरचा_शहाणा:
ताई, कौतुक समजलं, पण मोठा ऑर्केस्ट्रा ऐकायचा तर तेल अवीवच. इस्रायल फिलहार्मनिकचं घर तिकडे. आपल्या मुंबईच्या झुबीन मेहतांनी २०१९ पर्यंत ती सांभाळली. २०१९ च्या अखेरीपासून तेल अवीवला जलद गाडीही आहे, अर्ध्या तासाच्या थोडं वर लागतं. परतीची शेवटची गाडी मात्र आधी बघा. आणि सुरक्षिततेबद्दल कोणीच बोलेना? ऑक्टोबर २०२३ मध्ये युद्ध सुरू झाल्यानंतर कार्यक्रम ऐनवेळी रद्द होतात. होमफ्रंटचं (हल्ल्याचे इशारे देणाऱ्या नागरी संरक्षण दलाचं) अॅप आणि दूतावासाच्या सूचना रोज बघायच्या, इमारतीतला बॉम्बपासूनचा आसरा कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारायचं.

निशिगंध:
दोघांचे आभार. कोपऱ्यावरची ताई, प्रार्थनेचं सांगा ना. आणि सासूबाई!

कोपऱ्यावरची:
शहाण्यांचा दुसरा मुद्दा शंभर टक्के खरा. पहिल्यावर वाद घालीत नाही.

सासूबाईंना दिवसाला एकच ठिकाण, आणि तिथे प्रार्थना चालू असताना. रिकामं चर्च बघून म्हाताऱ्या माणसांना कंटाळा येतो, भरलेलं बघून हात आपोआप जोडले जातात. आर्मेनियन मोहल्ल्यातल्या सेंट जेम्स चर्चला दुपारी तीनच्या प्रार्थनेला ने. तेलाचे दिवे, धूप, काळे टोपडेवाले धर्मगुरू. पायावर पाय टाकून बसू देत नाहीत, तेवढं सांगून ठेव. शुक्रवारी फ्रान्सिस्कन साधूंची व्हिया दोलोरोसावरून (येशू क्रूस घेऊन गेला असं मानतात त्या वाटेवरून) मिरवणूक निघते, पण ती गुडघ्यांना झेपणारी नाही.

पश्चिम भिंतीला, म्हणजे ज्यूंच्या सगळ्यात पवित्र प्रार्थनास्थळी, जाताना जाफा गेटच्या पायऱ्या टाळ. बसने डंग गेटपाशी उतरलं की जवळजवळ सपाट. बायकांची बाजू वेगळी, सासऱ्यांना डोक्यावर टोपी लागेल. शब्बातला फोटो काढायचे नाहीत. वर हराम-अल-शरीफला (अल-अक्सा मशिदीचा परिसर) बिगर-मुस्लिमांना एकाच दारातून, ठरलेल्या वेळी, रविवार ते गुरुवार प्रवेश. तिथे हात जोडणं, पुटपुटणं चालत नाही, म्हणून भाविक सासूला मी तरी नेणार नाही.

सासऱ्यांना होली सेपल्करची, म्हणजे येशूच्या कबरीवरच्या चर्चची, किल्ली आवडेल. सहा ख्रिस्ती पंथांची आत वाटणी, म्हणून किल्ली जुदेह या मुसलमान घराण्याकडे आणि दार उघडण्याचा मान नुसैबेह घराण्याकडे. आपल्याकडच्या मानकऱ्यांच्या भांडणांत मुरलेल्या माणसाला हे चटकन कळतं.

नवगाववाला:
आम्ही बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, मूळ अलिबागकडचे. रामला, लोदला आमची माणसं आहेत. जुन्या पिढीला मराठी येतं, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिकही निघायचं. कोणाकडे मलिद्याचं (आमच्या नवस-आभाराच्या विधीचं) आमंत्रण मिळालं तर सासूबाईंना जरूर न्या. गोड पोहे, खोबरं, फळं ताटात मांडून एलियाहू हनबी, म्हणजे प्रेषित एलिया, यांच्या नावाने प्रार्थना करतात. प्रसाद ओळखीचा वाटेल.

आणि जेरुसलेममध्येच हेरॉड्स गेटजवळ हिंदी सराई, म्हणजे भारतीय यात्रेकरूंची धर्मशाळा, आहे. सूफी संत बाबा फरीद तिथे राहिले होते असं मानतात. १९२४ पासून सहारनपूरच्या अन्सारी घराण्याकडे तिची व्यवस्था आहे.

कोपऱ्यावरची:
वा, मलिद्याचं बरं सुचवलंत!

निशिगंध, सासू-सासऱ्यांचा व्हिसा आधीच काढावा लागेल. विमानतळावर शिक्का मारत नाहीत, प्रवेशाची निळी चिठ्ठी देतात. ती पासपोर्टातच ठेवायला सांग, येशूच्या जन्मगावाहून, बेथलेहेमहून, परतताना लष्करी नाक्यावर कागद बघतात. पंथांची पंचांगं वेगळी, म्हणून नाताळ तीनदा मिळेल: कॅथलिक-प्रोटेस्टंटांचा २५ डिसेंबर, ऑर्थोडॉक्सांचा ७ जानेवारी आणि आर्मेनियनांचा त्यानंतर, १९ जानेवारीला. गर्दी नको असेल तर शेवटचा धर. जवळपास आठशे मीटर उंचीवरचं गाव, पाऊस आणि दगडी घरं, त्यामुळे सासूबाईंना लोकरी मोजे आणि न घसरणारे बूट. जुन्या शहरातली फरशी शतकानुशतकांच्या पायांनी गुळगुळीत झालीय, कोल्हापुरी घालून येऊ देऊ नकोस.