कीव्ह ते व्हिएन्ना ते पीएचडी: हा रस्ता मुंबईहून धरता येईल का?

माटुंगा_पूर्व:
एका युक्रेनियन विद्यार्थिनीच्या सीव्हीत क्रम असा आहे: कीव्ह-मोहिला अकादमीतून राज्यशास्त्रात बीए, व्हिएन्नाच्या सेंट्रल युरोपियन युनिव्हर्सिटीत एका वर्षात एमए, मग जर्मनीत पीएचडी. माझं मुंबई विद्यापीठाचं तीन वर्षांचं बीए आहे, ६४ टक्के. हाच क्रम मला जमेल का? गाडी कुठे अडते?

कलिना_कॅन्टीन:
पहिली अडचण त्या एका वर्षातच. युक्रेन २००५ पासून बोलोन्या पद्धतीत (युरोपातल्या देशांची पदव्या एकमेकांशी जुळवण्याची व्यवस्था) आहे. तिथलं बीए चार वर्षांचं, २४० ईसीटीएस क्रेडिटचं (अभ्यासाचा भार मोजायचं युरोपियन माप, वर्षाला ६०). त्यावर एमएचे ६० मिळवले की पीएचडीसाठी साधारण लागणारे ३०० भरतात. आपलं तीन वर्षांचं बीए साधारण १८० मानलं जातं, त्यामुळे १२० क्रेडिटचं दोन वर्षांचं एमएच शोधा. तोटा नाही, एका वर्षाच्या एमएत पीएचडीच्या अर्जाला लागणारा प्रबंध घाईघाईत उरकावा लागतो.

गुणांचंही बघा. आपल्याकडे ६० ला फर्स्ट क्लास, युक्रेनमध्ये शंभरपैकी ६० म्हणजे काठावर पास. तुमचे ६४ तिकडच्या ९० शेजारी उगाच केविलवाणे दिसतील. ट्रान्सक्रिप्टसोबत विद्यापीठाचा श्रेणी-तक्ता जोडाच.

बोरिवली_स्लो:
कागदांत दोन खड्डे.

एक, जर्मनी. भारत २००५ मध्ये अपोस्टिल (एका देशाचा कागद दुसऱ्या देशात खरा मानला जावा म्हणून मारलेला शिक्का) करारात आला, पण जर्मनीने हरकत घेतली, म्हणून आपलं अपोस्टिल तिथे चालत नाही. एजंटला पैसे देऊन शिक्का मारून आणणारे इथेच फसतात. नोव्हेंबर २०२२ पासून स्टुडंट व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (शैक्षणिक कागद जर्मन दूतावासाच्या केंद्राने तपासल्याचा दाखला) लागतं, फी १८,००० रुपये. युक्रेनियन मुलांना एपीएस नाही. शिवाय मार्च २०२२ पासून युरोपियन युनियनचं तात्पुरतं संरक्षण (युद्धामुळे तिथे राहण्याची मुभा) त्यांना आहे, व्हिसाची रांग नाही. (मुलग्यांचा अडथळा वेगळा: लष्करी कायद्यामुळे त्यांना देशच सोडता येत नव्हता, १८ ते २२ वयाच्यांना ऑगस्ट २०२५ मध्ये सूट मिळाली.)

दोन, नाव. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, शेवटी आईचं नाव. पासपोर्टवर निराळीच मांडणी. ऑनलाइन फॉर्म पासपोर्टप्रमाणे भरा आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा.

प्रभाग_सोडत:
कागद जमतील हो, अर्ज पडतो तो संशोधन-प्रस्तावात. ‘भारतीय लोकशाहीपुढील आव्हाने’ असलं काही लिहू नका. युक्रेनियन विद्यार्थ्याकडे नेमका विषय तयार असतो: २०१४ नंतरचं विकेंद्रीकरण, २०२० मध्ये ४९० जिल्ह्यांचे १३६ झाले, मग विलीन झालेल्या भागात कर-वसुली वाढली की घटली? आधी-नंतर, इकडे-तिकडे तुलना करता येते.

आपल्याकडे त्याच तोडीचं आहे: मुंबई महापालिकेचे २२७ प्रभाग आणि महिला आरक्षणाची सोडत. चिठ्ठीने ठरतं, म्हणून आरक्षित आणि खुल्या प्रभागांची तुलना स्वच्छ वाटते. पण सावध. अनुसूचित जातींचे प्रभाग लोकसंख्येवर ठरतात, चिठ्ठीने नाही. आधी आरक्षित असलेले प्रभाग आरक्षण आळीपाळीने फिरवण्याच्या नियमामुळे सोडतीबाहेर राहू शकतात, आणि प्रभागांच्या हद्दी बदलल्या की जुने-नवे जुळत नाहीत. हे तिन्ही प्रस्तावात आपणहून लिहा, नाहीतर मुलाखतीत पहिला प्रश्न हाच येईल.

माटुंगा_पूर्व:
हद्दींचे जुने नकाशे कुठे मिळतील?

प्रभाग_सोडत:
प्रभागरचनेच्या अधिसूचनेत सीमांचं वर्णन असतं. रस्ता, नाला, रेल्वे रूळ धरून ते स्वतः नकाशावर उतरवावं लागेल. त्याला दोन महिने धरा.