गुमीचे रौप्य की बँकॉकचे सुवर्ण? : सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

ब-२०३, काकू : दक्षिण कोरियात गुमीला झालेल्या २०२५ च्या आशियाई अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत आपल्या पारुल चौधरीचे स्टीपलचेसमधले (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या तीन हजार मीटर शर्यतीतले) सुवर्णपदक दोन सेकंदांनी हुकले. २०२३ मध्ये बँकॉकला याच शर्यतीत ती पहिली आली होती, त्यामुळे या वेळी रौप्य पाहून मनाला चुटपुट लागली. तिची कामगिरी खालावली आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अ-३०४, सर : काकू, कामगिरी खालावलेली नाही. माझ्या मते पारुल या स्पर्धेत इतकी चांगली कधीच धावली नव्हती. बँकॉकमध्ये तिने ९ मिनिटे ३८.७६ सेकंदांत सुवर्ण जिंकले होते आणि गुमीत ९ मिनिटे १२.४६ सेकंदांत रौप्य मिळवले, म्हणजे दोन वर्षांत सव्वीस सेकंदांहून अधिक सुधारणा झाली. या दोन्ही शर्यती एकाच ट्रॅकवर एकाच वेळी सुटल्या असत्या, तर गुमीची पारुल अंतिम रेषा ओलांडत असताना बँकॉकची पारुल सुमारे १३५ मीटर मागे, आधीच्या वळणावरच असती. शिवाय ९:१२.४६ हा नवा राष्ट्रीय विक्रम ठरला. त्याच महिन्यात दोहाला डायमंड लीग या आंतरराष्ट्रीय स्पर्धामालिकेत तिने ९:१३.३९ अशी वेळ नोंदवली होती. तो स्वतःचाच विक्रम तिने गुमीत मोडला, हे पदकाच्या रंगापेक्षा मला कितीतरी मोलाचे वाटते.

क-१०१, दादा : सर, आकडे मान्य आहेत, परंतु पहिली आलेली नोरा जेरुतो मूळची केनियाची असून २०२२ पासून कझाकस्तानकडून धावते. आशियाच्या स्पर्धेत आशियाई मुलींनाच अशा रीतीने मागे राहावे लागत असेल, तर हे न्याय्य म्हणता येईल का?

अ-३०४, सर : तुमची खंत मी समजू शकतो, कारण हे आपण पुण्यातच पाहिले आहे. २०१३ मध्ये बालेवाडीला झालेल्या आशियाई स्पर्धेत बहारीनकडून धावणारी, केनियात जन्मलेली रूथ जेबेत पहिली आली आणि आपल्या सुधा सिंहला रौप्यावर समाधान मानावे लागले. तीच जेबेत तीन वर्षांनी रिओत ऑलिम्पिक विजेती झाली. तरीही नियमानुसार नागरिकत्व बदललेल्या धावपटूला ट्रॅकवर उभे राहण्याचा पूर्ण हक्क आहे, आणि मला तर जेरुतो तिथे होती याचा आनंदच आहे. ती २०२२ ची जगज्जेती असून तिने ते विजेतेपद ८:५३.०२ अशा वेळेत मिळवले होते. अशा धावपटूच्या पाठीला लागून धावल्यानेच पारुलची वेळ इतकी खाली आली, असे माझे ठाम मत आहे. जेरुतोची वेळ ९:१०.४६ होती. या वेगाने दोन सेकंद म्हणजे जेमतेम अकरा मीटर.

ब-२०३, काकू : पाण्यात उडी मारताना ती मागे पडली असेल का? तो अडथळा पाहताना मला नेहमी धडकी भरते.

अ-३०४, सर : त्या एका जागी अंतर पडले, असे मी म्हणणार नाही. मात्र तुमची धडकी अगदी योग्य आहे. तीन हजार मीटरमध्ये अठ्ठावीस साधे आणि सात पाण्याचे अडथळे असतात. महिलांसाठी त्यांची उंची ७६.२ सेंटिमीटर असते आणि हर्डल्सप्रमाणे ते धक्का लागल्यावर पडत नाहीत, त्यामुळे अडखळणारी धावपटूच पडते. पाण्याचा खड्डा अडथळ्यालगत सर्वांत खोल असतो आणि पुढे उतारासारखा वर येत जातो. म्हणून बहुतेक जणी एक पाय आडव्या लाकडावर टेकवून जोराने पुढे झेपावतात. झेप लांब गेली तर पाऊल घोट्याएवढ्या पाण्यात पडते आणि पुढचे पाऊल थेट कोरड्या ट्रॅकवर येते, पण झेप तोकडी पडली तर धावपटू गुडघ्यापर्यंत पाण्यात उतरते आणि लय बिघडते. दमलेल्या पायांनी, भिजलेल्या बुटांनी हे सात वेळा करायचे असते.

ड-५०२, ताई : आमचे माहेर माण तालुक्यातले आहे, म्हणून ललिता बाबरचे नाव इथे आलेच पाहिजे. मोहीच्या या मुलीने गुमीच्या दहा वर्षे आधी, २०१५ मध्ये, वुहानच्या आशियाई स्पर्धेत ९:३४.१३ अशा वेळेत सुवर्ण जिंकले होते. पुढच्या वर्षी रिओत तिने ९:१९.७६ ची नोंद करून अंतिम फेरी गाठली. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी केलेल्या पराक्रमानंतर ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय महिला होती.

अ-३०४, सर : ताई, तुम्ही नेमका दुवा जोडलात. ललिताचा रिओतला तो राष्ट्रीय विक्रम २०२३ पर्यंत अबाधित राहिला आणि बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत ९:१५.३१ ची वेळ देऊन तो मोडला पारुलनेच. वुहानला ज्या वेळेत सुवर्ण मिळाले, ती वेळ गुमीत दिली असती तर कांस्यही मिळाले नसते, कारण तिसऱ्या आलेल्या डेझी जेपकेमेईची वेळ ९:२७.५१ होती. आशियाची पातळीच इतकी उंचावली आहे.

क-१०१, दादा : हे वाचून माझे मत बरेच बदलले. पारुल पाच हजार मीटरमध्येही होती ना?

अ-३०४, सर : होय, स्टीपलचेसच्या दुसऱ्याच दिवशी. तिथेही जेरुतोच पहिली आली आणि पारुलने १५:१५.३३ अशा वेळेत दुसरे रौप्य घेतले. जपानची युमा यामामोटो दीड सेकंदाने तिच्या मागे राहिली. आदल्या दिवशी पस्तीस अडथळे ओलांडलेल्या पायांनी तिने हे रौप्य राखले, म्हणून काकू, या दोन्ही शर्यती शक्य झाल्यास याच क्रमाने पाहाव्यात.