मदत हवी आहे: सिझर होऊन पाच महिने झाले, कंबर अजून फळीसारखी

नमस्कार. पहिलंच बाळंतपण, सिझर झालं. बाळ आता पाच महिन्यांचं आहे. टाक्यांचं दुखणं कधीच विसरले, कंबर मात्र विसरू देत नाही.

कळ वगैरे नाही. सकाळी उठताना मणक्याच्या दोन्ही बाजूंना दोरखंड ताणून बांधल्यासारखं वाटतं. बोटांनी दाबलं तर टणक लागतं. तासाभरात सैल होतं, मग बाळाची अंघोळ, दुपटी, झोळीतून उचलणं-ठेवणं, आणि संध्याकाळी ओट्याशी पोळ्यांना उभी राहिले की परत पहिले पाढे. सदाशिव पेठेतली जुनी इमारत, लिफ्ट नाही, तीन जिने. रिक्षा गतिरोधकावरून गेली की मी आधीच दांडी घट्ट धरून बसते.

घरात प्रत्येकाचं निदान वेगळं. आई म्हणते, "पाठीत सुई घेतलीस ना, आता जन्माची कंबर धरली." सासूबाईंच्या मते शेक-शेगडी नीट झाली नाही, पोट बांधलं नाही, वारा शिरला. मालिशवाल्या मावशींनी सव्वा महिना अंग रगडलं, पण टाक्यांमुळे पोटाला हात लावला नाही. नवऱ्याला वाटतं गादी बदलावी. तीन आठवडे तो गाद्यांचे रिव्ह्यू वाचतोय. दाखवायला गेले त्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत कॅल्शियम लिहून दिलं, "होईल कमी."

सुईचा खरंच संबंध असतो का? पट्टा अजून लावावा का? आणि मुख्य म्हणजे कंबर कमजोर झालीय की उलट जास्तच कडक? मैत्रीण म्हणते व्यायाम कर, मावशी म्हणतात अजून रगडून घ्या. दोन्ही एकदम बरोबर कसं असेल?

डिंकलाडू: सेम पिंच! माझंही आठ महिने चाललं. अळीव, डिंक, मेथी सगळं खाल्लं. कंबर तशीच राहिली, वजन तेवढं वाढलं.

फिजिओ_पुणेकर: मी फिजिओथेरपिस्ट आहे. न तपासता सांगतेय, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

आधी सुईचं. सिझरला ती कमरेच्या खालच्या मणक्यांमध्ये देतात, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली. टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, हे खरं. पण कळांचं दुखणं कमी करायला पाठीतच देतात त्या एपिड्युरल सुईचा चांगला अभ्यास झालाय. ते घेतलेल्या आणि न घेतलेल्या बायकांची तुलना केली, तेव्हा दीर्घकाळच्या कंबरदुखीत फरक दिसला नाही. आईंना सांगा, सुई निर्दोष सुटली.

खरी गोष्ट पुढून सुरू होते. सिझरमध्ये पोटाचे उभे स्नायू सहसा कापत नाहीत, मधोमध विलग करून बाजूला सारतात. कापतात ते त्यांच्यावरचं जाड आवरण. शिवाय नऊ महिने ते स्नायू ताणलेले असतातच. सगळ्यात आत एक आडवा स्नायू कमरेभोवती पट्ट्यासारखा फिरतो आणि मागे कमरेच्या जाड पडद्याला जोडलेला असतो. तो ढिला पडला की पुढचा आधार जातो, मग पाठीचे स्नायू एकट्याने खिंड लढवतात. दिवसभर आखडून बसतात. तुम्हाला लागतात ते दोरखंड हेच.

म्हणून तुमचा शेवटचा प्रश्न मला फार आवडला. टणक म्हणजे मजबूत नव्हे. स्नायू आरामात असताना किती ताणलेला आहे, दाबाला किती विरोध करतो, आणि दाब काढल्यावर किती चटकन मूळ आकारात येतो, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. मायोटॉन नावाचं हातात मावणारं यंत्र त्या मोजतं: त्वचेवर टेकवलं की स्नायूला हलकी टिचकी देतं आणि तो कसा थरथरतो ते टिपतं. ताकद ही चौथीच गोष्ट. स्नायू कडक आणि दमलेला, दोन्ही एकदम असू शकतो. मालिशने तो तासभर सैल होईल, पण त्याचं काम वाटून घेणारं कोणी आलं नाही तर परत आखडेल. शेक घ्या, हलकी मालिशही चालेल. रगडणं नको.

घरी एक बघा. उताणं झोपून गुडघे वाकवा, बेंबीच्या वर मधोमध बोटं आडवी ठेवा आणि डोकं किंचित उचला. उभ्या स्नायूंमधल्या फटीत दोनाहून जास्त बोटं मावली तर फिजिओला दाखवाच. तोवर पोटाच्या उठाबशा नकोत. उताण्याच अवस्थेत श्वास सोडताना ओटीपोट हळूच आत घ्या, श्वास रोखू नका. ते जमलं की मग कंबर उचलण्याचा सेतू. पट्टा सुरुवातीच्या आठवड्यांत आधार देतो. पाच महिन्यांनी दिवसभर लावण्यापेक्षा आतला पट्टा जागा करा.

पायात जोर कमी वाटला, जांघेत बधिरपणा आला, लघवीवरचा ताबा गेला किंवा ताप आला, तर धाग्यावर विचारत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा.

कोथरूडची_काकू: दूध पाजताना कशी बसतेस गं? मी पलंगावर मांडी घालून, पाठीला टेकू न देता, बाळावर वाकून बसायचे. मुलीने मांडीवर दोन उशा ठेवायला शिकवलं. बाळ वर आलं, मी खाली जायची थांबले.

धागाकर्ती: सगळ्यांचे आभार. फिजिओताई, बेंबीच्या वर तीन बोटं आरामात गेली, शनिवारची वेळ घेतलीय. काकू, अगदी तशीच बसत होते! शिवाय आज लक्षात आलं, बाळ सतत डाव्याच कडेवर असतं, आणि दोरखंडही डावीकडचाच जास्त टणक आहे.

झोळीतून उचलताना श्वास सोडायचा सराव सुरू केलाय. सकाळी "हूऽऽ" करून उचललं, तर सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या, "अगं, दूध उतू गेलं का?"