बाहेरच्या भिंतीचा रंग तळाशीच सुटतोय, नुसता प्रायमर मारून भागेल का?

प्रश्न: विटांची भिंत, सिमेंटचा गिलावा, वर ॲक्रिलिक रंग. जमिनीपासून २ फुटांपर्यंत आणि खिडक्यांखाली पोपडे आलेत, मागे पांढरी भुकटी. वरचा रंग टिकून आहे, पण हात फिरवला की खडूसारखा लागतो. खरवडून प्रायमर आणि वर वॉटरप्रूफ कोट असा विचार आहे.

प्रतिसाद १: तळाशी वॉटरप्रूफ कोट अजिबात नको. भुकटी म्हणजे क्षार. भिंतीत मुरलेलं पाणी हे क्षार पृष्ठभागाकडे आणतं. पाणी उडून जातं, क्षार रंगामागे साचून त्याला उचलतात. वरून जाड थर दिलात तर ओल कोंडेल आणि रंग गिलाव्यासकट सुटेल. आधी पाण्याची वाट शोधा: माती किंवा फरशी भिंतीला लागून चढलीय का, उतार घराकडे आहे का? खिडकीखाली, सिलच्या (खिडकीच्या तळाशी बाहेर आलेल्या भागाच्या) पुढच्या कडेच्या पोटात खाच आहे का पाहा. ती नसली की पाणी कडेखालून वळून थेट भिंतीवर उतरतं. क्षार कोरड्या ब्रशने झाडा; ओले केले तर विरघळून परत आत जातात.

प्रतिसाद २: सहमत. ओल गेली का हे डोळ्यांनी ठरवू नका. फूटभर प्लास्टिक चारही कडांनी चिकटवून २४ तास ठेवा. आतून दव धरलं तर थांबा.
खडूसारखा भाग घासून धुवा, वाळल्यावर चिकटपट्टी दाबून ओढा. पट्टीवर अजूनही पूड आली तर साधा प्रायमर त्या पुडीलाच धरेल, भिंतीला नाही. तिथे आत मुरून पूड बांधणारा प्रायमर लागतो. भेगा खरवडायच्या पट्टीच्या (स्क्रॅपरच्या) टोकाने थोड्या रुंद करून बाहेरच्या कामाचं फिलर भरा. आतली पुट्टी पावसात फुगते.

प्रश्नकर्ता: तळाचा गिलावा नवा केला तर?

प्रतिसाद १: २८ दिवस थांबा, मग अल्कलीरोधक प्रायमर. ताज्या सिमेंटमधला अल्कली रंगाला फिका पाडतो, डाग उठवतो.

प्रतिसाद ३: रंग लावताना सावलीच्या मागे मागे जा. तापलेल्या भिंतीवर पाणी चटकन उडतं, थर नीट जुळत नाही, जोड दिसतात. एक भिंत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकदमच संपवा. सगळे डबे आधी मोठ्या बादलीत एकत्र ढवळा, नाहीतर छटा बदलते. डब्यावरचं क्षेत्रफळ एका हाताचं की दोन हातांचं, ते बघूनच हिशोब करा. खरखरीत गिलावा त्याहून जास्त रंग पितो.